पाठमोरा पाईक

दिलदार चिताऱ्याच्या ओसरीवर एक फौज मुक्कामाला होती. भिंतीला ठोकलेल्या फळ्या आणि त्या फळ्यांवर वीत वीत उंचीचे लाकडी शिपाई. कुणी ढाल छातीशी धरलेली, कुणी तोड्याची बंदूक खांद्यावर टाकलेली, कुणी भाला उगारून थांबलेला. थांबलेलाच, कारण बऱ्याच जणांना अजून रंग लागायचा होता. आणि रंग लागल्याबिगर लढाईला जायचं कसं, असं दिलदारची बायको बिबीजान म्हणायची.

फौज कोडोलीकडच्या सरदार गणपतरावांची. त्यांचा एक पूर्वज ताराराणीच्या अमदानीत, पन्हाळ्याच्या पायथ्याला मोगलांशी लढताना पडला. त्या लढाईला बखरीत जागा नाही की शाहिराच्या डफावर. पण गणपतरावांच्या घरात दर दसऱ्याला ती सांगितली जायची. ओढा कुठला, घळ कुठली, कुणाचा घोडा आधी कोसळला, सगळं. गणपतरावांना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे ही लढाई सांगणार कोण, म्हणून त्यांनी ती मांडूनच ठेवायची ठरवली. कोल्हापुरातल्या दिवाणखान्यात काचेचं मोठं कपाट, त्यात लाकडी तट, तटाखाली दोन्ही फौजा. गोऱ्या साहेबाकडे त्यांनी असली शिश्याची पलटण पाहिली होती. पण आपली माणसं आपल्या हातची हवीत, असं त्यांच्या मनाने घेतलं.

पांगाऱ्याचं हलकं लाकूड कोरून शिपाई घडवायचे ते आकाराम सुताराने. मग ते दिलदारकडे यायचे. बिबीजान जात्यावर चिंचोके दळायची, त्यांची खळ शिजवायची, त्या खळीत खडू कालवून दिलदार शिपायांना पहिला पांढरा हात द्यायचा. ते वाळले, की तांबडी काव, लाल हिंगूळ, नीळ, पिवळी पेवडी. गणपतरावांनी पेटीतून एक जुना अंगरखा काढून दाखवला होता, बोट लावलं तरी विरेल असा. त्यावरून दिलदारने त्या काळाचा पेहराव मनात धरला. घोळदार अंगरखा, कमरेला शेला, पोटरीला घट्ट बसणारी तुमान, बसकी पगडी.

कपडे जुने, पण तोंडं आजची. ही रीत दिलदारच्या बापाने लावलेली. बाप म्हणायचा, नाक-डोळे बाहुलीलाबी असतात, शिपायात माणूस पायजे. म्हणून शिपाई हातात घेतला की दिलदार ओसरीवरून गल्लीत बघत बसायचा. कोण येतं, कोण जातं, कुणाची भुवई कशी उडते. एक माणूस नजरेत धरायचा आणि तेवढ्या सुपारीएवढ्या तोंडावर उतरवायचा. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे उघडले की शिपाई फळीवर चढला.

बापाने आणखी एक गोष्ट बजावली होती. आपल्या घरचं माणूस फौजेत धाडायचं नाही. गल्लीतले कुणीही चालतील, आपल्या रक्ताचं नाही. लढाईतनं माघारी कोण येईल त्याचा भरवसा काय? दिलदारने हे कधी मोडलं नाही. स्वतःच्या भावाचा एक कानसुद्धा त्याने कधी लाकडावर काढला नव्हता.

गल्लीला मात्र फौजेचं वेड लागलं होतं. पलीकडचा नागाप्पा वाणी दुकान बायकोवर टाकून ओसरीवर येऊन बसायचा.

"दिलदारण्णा, मला घोड्यावर बशिव."

"तुमचं वजन बघितलाय काय सावकार? घोडा लाकडाचा हाय."

"म्हणून तर म्हणतोय. खऱ्याला झेपणार न्हाय."

आकाराम तिथंच रंध्याला धार लावत असायचा. तो म्हणाला, "घोडं एकच हाय म्होरलं. त्येच्यावर सरदाराचा आजा-पणजा बसणार. तुमी त्येच्या मागनं पळा."

"मी पळतोय व्हय? तूच पळ. तू कोण हाईस त्यात?"

"मी मोगल."

सगळे हसले. खरंच, मोगल व्हायला कुणी तयार नव्हतं. गल्लीत दिलदारला ज्याने त्याने बजावून ठेवलं होतं, मला तिकडच्या बाजूला घालू नको. मग आकारामनेच एक दिवस आपलं तोंड पुढं केलं. "कर मला मोगल. कुणीतरी व्हाया पायजे का न्हाय? न्हायतर ही सगळी लढणार कुणासंगं?" दिलदारने त्याला मोठी दाढी लावून मोगलांच्या फौजेत पुढं उभा केला. नागाप्पालाही शेवटी एक घोडा मिळाला, मागच्या रांगेतला, थोडा बसक्या पाठीचा.

आतून जात्यावर बिबीजानचा आवाज यायचा.

फौज निघाली निघाली, म्होरं नागाप्पाचा घोडा
मागं आकाराम मोगल, त्याच्या पायी न्हाय जोडा

मशिदीतले म्हातारे मौलालीचाचा नमाजाहून परतताना काठी टेकून उभे राहायचे. ते गोलंदाज झाले होते, तोफेला बत्ती देणारे. स्वतःला बघून घ्यायचे आणि वर दिलदारलाच दटावायचे.

"डोळे काढतोस लेका, पण वर गेल्यावर इचारतील. म्हणतील, एवढी बनवलीस ना, आता ह्यांच्यात जीव घाल."

"घालतो की चाचा. सगळी गल्ली उठून हुबी ऱ्हाईल. तुमच्या हातात बत्ती हाय, तेवढी जपून धरा."

चमन हा दिलदार-बिबीजानचा एकुलता एक. हातकणंगल्याच्या स्टेशनात हमाल होता. कोल्हापूरला आगगाडी येऊन फार वर्षं झाली नव्हती, अजून लहान मुलं गाडी बघायला रुळाकाठी जात होती. चमन सुट्टीला आला, की आधी ओसरीवर फौजेसमोर उभा राहायचा. एकेकाला ओळखायचा. "ह्यो चाचा. ह्यो नागाप्पा, पोट जरा कमी केलाय अब्बा तुमी." मग पाठीमागून वाकून म्हणायचा,

"मला कवा करताय?"

दिलदार कुंचल्यावरून नजर काढायचा नाही. खारीच्या शेपटीच्या केसांचा तो कुंचला, नजर हलली की भुवई गेली.

"तू घरचा हाईस."

"म्हणून काय झालं? गल्लीतल्या सगळ्यांस्नी धाडलासा. मीच तेवढा भेकड काय?"

"भेकड नव्हं. घरचा."

"एक सादा पाईक करा. मागं हुबा करा, कोपऱ्यात. लढत न्हाय मी, नुसता हुबा ऱ्हातो."

"सर जरा, उजेड अडतोय."

चमन हसायचा. हसलेला दिलदारला ऐकू यायचा.

शेवटचं आला तेव्हाही असंच झालं. सकाळी लवकर निघाला. दिलदार ओसरीवर उन्हाची तिरीप धरून बसला होता. त्या तिरिपीवरून एक सावली सरकली, म्हणून दिलदारने मान वर केली. तोवर चमन पायरी उतरून गल्लीत गेला होता.

गाठीच्या तापाने, प्लेगने, त्या साली पेठा रिकाम्या केल्या. गल्ली उठून माळावर झोपड्यांत गेली. घरांना कुलपं लागली, दिलदारच्या घरात फौज तशीच उभी. माळावर रोज कुणाच्या तरी झोपडीतून रडणं उठायचं, आणि मग तेही कमी झालं, कारण रडणारीच कमी झाली. मौलालीचाचा सगळ्यात आधी गेले. नागाप्पा तापाने फणफणला आणि तिसऱ्या दिवशी गेला. बिबीजानला रात्रंदिवस एकच बरं वाटायचं, की चमन इथं नाही. तिकडं हातकणंगल्याला मोकळी हवा असते, गाडीचा वारा असतो.

एक दिवस आकाराम झोपडीपुढं येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"हातकणंगल्यासनं ईरप्पा म्हणून हमालानं सांगावा धाडलाय. गाडीच्या गार्डाजवळ."

दिलदार म्हणाला, "येतोय काय चमन?"

आकारामने मान हलवली. मग म्हणाला, "त्येला तिकडंच ताप भरला. स्टेशनाफुडच्या शेडात न्हेऊन ठेवलंतं. आता... माती दिली म्हणं. चुना टाकून. कुणाला जवळ जाऊ देत नव्हती."

बिबीजानने विचारलं, "तोंड कुणी बघितलं?"

 आकारामजवळचा सांगावा तिथंच संपला होता.

 झोपडीत जातं नव्हतं, तरी पुढं कितीतरी दिवस बिबीजानचा हात गोल फिरायचा, रिकामाच. मग एकदा पुटपुटली, आणि दिलदारला कळलं की ती ओवी म्हणतेय.

सांगावा आला बाई, टेसनाच्या गाडीवरी
नाव लेकाचं घेतलं, उभी ऱ्हायले उंबऱ्यावरी

उंबरासुद्धा नव्हता तिथं. गवताची झोपडी होती.

साथ ओसरल्यावर लोक घरी परतले. सरकारी माणसांनी घराघरात चुना मारला होता, पिचकारीने, घाईने. दिलदारने दार उघडलं तर फौज जागच्या जागी उभी होती, पण सगळ्यांच्या तोंडावर चुन्याचे शिंतोडे. त्याने ओलं फडकं घेतलं आणि एकेक तोंड पुसायला लागला. पुसलं की नाव दिसायचं. चाचा. त्यांच्याशेजारचा बोहरी. भालाईत झालेला गवळी. हा गेला. हा पण गेला. पुसता पुसता मराठ्यांची अख्खी रांग झाली, आणि तिच्यातलं जिवंत माणूस बोटांवर मोजण्याइतकं.

आकाराम दारात येऊन बसला होता. आपल्या दाढीवाल्या शिपायाकडं बघून म्हणाला, "आपल्या बाजूचं सगळं गेलं, दिलदार. मोगल तेवढा ऱ्हायलो."

कुणी हसलं नाही.

दिलदारला चाचांचं बोलणं आठवलं. ह्यांच्यात जीव घाल, म्हणतील. मग सगळी गल्ली उठेल, चाचा बत्ती धरून, नागाप्पा घोड्यावरून, गवळी भाला घेऊन. उठणार नाही तो एक चमन. त्याला उठायला लाकूडच नाही.

दुसऱ्या दिवशी नागाप्पाची बायको शांतव्वा आली. कपाळ मोकळं, हातात कडोसरीला लावायची किल्ली. आली ती थेट फळीपाशी गेली आणि घोड्यावरच्या त्या ठेंगण्या बारगिराला बघून पदर सावरला, जसा दुकानात नवरा असताना सावरायची.

"येन्री," ती आपल्या कानडीत त्याला म्हणाली, हळूच, घरात नवऱ्याला 'अहो' म्हणून हाक मारावी तशी. मग दिलदारला म्हणाली, "अण्णा, मिशी अशीच असू दे. हात लावू नको. ही बाजू त्यांची जरा वरच असायची."

"न्हाय लावत, वैनी."

"सरदाराकडं कधी जाणार हे?"

"दसऱ्याच्या आदी."

"तोवर मी येत जातो रोज. दुकान उघडायच्या आधी."

ती यायची. मग इतरही यायला लागले. बोहऱ्याची बहीण आली. गवळ्याचा म्हातारा बाप आला, त्याला दिसत नव्हतं, तो बोटाने भालाईताचं नाक चाचपून गेला. कुणाच्याच घरी मेलेल्याचं चित्र नव्हतं. फोटो काढून घेणारी पैसेवाली माणसं नव्हती ती. जी काही तोंडं उरली होती ती दिलदारच्या फळीवर होती. येणारा प्रत्येक जण आपापल्या शिपायापुढं जरा वेळ बसायचा, डोळे पुसायचा आणि जाताना दिलदारच्या खांद्यावर हात ठेवायचा. बिबीजान आतल्या दाराआडून हे बघायची. एकदा सगळे गेल्यावर ती बाहेर आली आणि फळ्यांवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. शेवटी मोकळी भिंत लागली.

"अवं," ती म्हणाली, "आपला कुटं हाय?"

गणपतरावांचा माणूस गुंडू दर आठवड्याला चौकशीला यायचा. सगळं झालं होतं, एक पाईक सोडून. आकारामने कोरलेला, पांढरा हात दिलेला, साधा पायदळातला माणूस. कमरेला तलवार, हात मोकळे. दिलदारने तो खाली घेतला आणि बिबीजानपुढं ठेवला.

"ह्यो चमन," तो म्हणाला.

बिबीजानने तोंडावर पदर घेतला. "तुमच्या अब्बांची रीत..."

"जायचा त्यो गेला. आता कुटल्या लढाईला भ्यायचं?"

त्याने आधी कपडे संपवले. अंगरख्याला नीळ दिली, शेल्याला हिंगूळ. मग तोंडाशी आला आणि कुंचला थांबला. गल्लीतला कुणीही डोळे मिटले की समोर यायचा. चमन आला नाही. जे आलं ते लहान मुलाचं तोंड होतं, आणि तेही नीट नाही. दिलदारने काढलं, पुसलं. पुन्हा काढलं.

"भुवईवर वण व्हता," बिबीजान म्हणाली. "आडावर पडलाता तवाचा. उजवीकडं."

"डावीकडं."

"उजवीकडं. मी हळद लावली ना."

"तुझ्या फुडं बसला म्हणून तुला उजवीकडं वाटलं. त्येची डावी."

तिने स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. मग हवेत, समोर कुणी बसलंय असं समजून. हळद लावायला हात पुढं नेला, आणि हात मधेच थांबला. तिलाही सांगता येईना.

"नाक तुमचं व्हतं," ती म्हणाली.

"न्हाय. तुझ्या भावाचं."

असे ते कितीतरी दिवस बसले. तिला आठवायचा तो झोपलेला चमन, गाल उशीत दबलेला. त्याला आठवायचा आवाज. अब्बा, मला कवा करताय? तो आवाज त्याच्या मानेमागून यायचा, आणि डोळ्यांपुढं कुंचल्याचं टोक असायचं, त्या टोकाला दुसऱ्याच कुणाची भुवई. रंगवायचं म्हणून दिलदार ज्याच्याकडं बघायचा तो त्याला जन्मभर दिसायचा. घरच्या माणसाकडं तसं बघायचं नाही, हीच तर रीत. ती त्याने नीट पाळली होती.

आकाराम म्हणाला, "हातकणंगल्याला जाऊन ये. तितं लोकांनी रोज बघितला असंल."

दिलदार गाडीत बसून गेला. ईरप्पा स्टेशनावरच भेटला, रुंद हाडाचा माणूस, डोक्यावर चुंबळ. दिलदारला बघून त्याने चुंबळ उतरवून हातात घेतली. दिलदारनेच आधी विचारलं.

"दिसायला कसा व्हता त्यो?"

"काय विचारताय पावणं? तुमचाच पोरगा की."

"तरीबी सांगा."

ईरप्पाने रुळाकडं बघितलं. "चांगला होता. ओझं उचलताना गाणं म्हणायचा. हसायचा लई." मग म्हणाला, "तोंड म्हटलं तर तुमच्यावरच गेलता. अगदी तुमीच."

शेड कुठली होती, ते ईरप्पाने हाताने दाखवलं. तिथं आता काही नव्हतं. जाळून टाकली होती. दिलदार तिकडं गेला नाही. पुढच्या गाडीने परत आला.

घरी येऊन त्याने हजामताकडून आरसा मागून आणला. स्वतःच्या तोंडावरून सुरकुत्या मनातच काढल्या, दाढी काढली, गाल भरले, आणि ते तोंड पाईकावर उतरवलं. एका बैठकीत उतरलं. डोळे तेवढे मिटलेले ठेवून त्याने बिबीजानला हाक मारली.

ती आली, बघितलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "हे तर मामंजी."

खरंच होतं. दिलदारचा बाप उभा होता, अगदी तरणा, ज्याने ती रीत घालून दिली तो. दिलदारने फडकं ओलं केलं आणि बापाला पुसून टाकलं.

त्या संध्याकाळी बिबीजान चिंचोके दळायला बसली. खळ कुणाला नको होती. नुसतीच बसली.

गल्लीच्या लेकरांची, तोंडं फळीला मांडली
माझ्या चमनची तेवढी, रंगामंदी गं सांडली

दसरा जवळ आला. गुंडू सांगून गेला की दोन-चार दिवसांत गाडी घेऊन येतो. सकाळी दिलदार ओसरीवर बसला होता, पाईक मांडीवर पालथा पडलेला. उन्हाची तिरीप आली. तिच्यावरून कुणाची तरी सावली सरकली, दूधवाल्याची असेल. दिलदारने मान वर केली आणि त्याला चमन दिसला.

पाठमोरा. गल्लीतून खाली जाणारा. डावा खांदा उतरलेला, कारण ओझं नेहमी त्याच खांद्यावर. डोक्याला पटका, आणि त्याचा शेव खोचायला विसरल्याने मानेवर लोंबणारा. मानेवर केसांचा भोवरा. सदऱ्याच्या गळ्याला घामाची रेघ. एवढंच त्याने त्या दिवशी बघितलं होतं, आणि ते सगळं होतं तसं होतं.

तो उठून आकारामकडं गेला. "डावा खांदा तासून दे. इतका." बोटाचं पेर दाखवलं.  आकारामने पटाशी घेतली आणि अगदी हलक्या हाताने, एकेक ढलपी, तो खांदा उतरवला.

दिलदारने पाठ रंगवली. बसकी पगडी त्या काळची ठेवली, पण तिचा एक शेव मानेवर सोडला. भोवरा एका केसाच्या कुंचल्याने काढला. अंगरख्याच्या गळ्याला घामाची रेघ दिली. दोनशे वर्षांमागच्या पाइकालाही घाम आलाच असेल. पाईक चुलीपाशी नेऊन पाठमोरा ठेवला आणि बाजूला झाला.

बिबीजान भाकरी थापत होती. तिने बघितलं. पिठाचा हात तसाच पुढं आला आणि एक बोट त्या उतरलेल्या खांद्यावर टेकलं.

"किती येळा सांगितलं ह्येला," ती म्हणाली, "खांदा बदलत जा म्हणून."

मग ती रडली. त्या माळावर रडायचं राहिलं होतं ते सगळं.

गुंडू गाडी घेऊन आला तेव्हा शांतव्वा दुकानाच्या पायरीवर उभी होती. शिपाई कापसात गुंडाळून पेटाऱ्यात जात होते. नागाप्पाचा घोडा गेला तशी ती आत निघून गेली.

गुंडूने पाईक हातात घेतला. "ह्येचं तोंड ऱ्हायलंय की."

"ऱ्हाऊ दे. ह्येला तटाकडं तोंड करून हुबा करा. मागं, कोपऱ्यात. पाठ तेवढी दिसंल असा."

"तुमचा ह्यो एकच पाठमोरा?"

"व्हय."

"बरं. करतो." गुंडू भला माणूस होता. त्याने तो वेगळ्या कापसात गुंडाळला.

दसऱ्याला गणपतरावांनी दिलदारला बोलावणं धाडलं. बिबीजानने त्याचा धुतलेला सदरा काढून दिला. "नीट बघून या," ती म्हणाली. "मला सांगा कसा दिसतोय."

दिवाणखान्यात माणसांची गर्दी होती. काचेमागं तट होता, ओढा होता, घळ होती. गणपतराव छडीने दाखवत लढाई सांगत होते, त्यांचा आवाज भरून येत होता. नागाप्पा घोड्यावर होता, चाचा तोफेपाशी, आणि पलीकडून दाढीवाला आकाराम तलवार घेऊन धावून येत होता. दिलदारने मागचा कोपरा बघितला. पाठमोरं कुणीच नव्हतं.

मग त्याला शेला ओळखू आला. त्याचाच हिंगूळ. वर एक तोंड होतं. जाड काळी मिशी, वटारलेले डोळे, गालांवर गुलाबी रंग. छाती काढून तो मोगलांकडं बघत होता, आणि पाठ कपाटाच्या फळीला टेकली होती.

"दिलदार," गणपतराव जवळ आले. "काम देखणं केलंस. आमच्या पूर्वजांना आज जागा मिळाली." मग छडीचं टोक काचेवर टेकलं. "हा एक तेवढा गुंडूनं तटाकडं तोंड करून ठेवला होता. आमच्या बाजूचा माणूस आणि गनिमाला पाठ दाखवतो? चार लोक बघणार. मी वळवून घेतला. बघतो तर तोंडच राहिलेलं. नाटकाचे पडदे रंगवणारा एक जण आला होता, त्यानं काढून दिलं. असू दे, वयामुळं राहतं एखादं."

"त्यो पळत नव्हता, सरकार," दिलदार म्हणाला.

"काय म्हणालास?"

"काय न्हाय."

गणपतरावांनी त्याच्या हातावर सोनं ठेवलं, आपट्याची पानं. दारापाशी गुंडू खाली बघत उभा होता. दिलदारने त्याला विचारलं, कपाट उघडून एकदा पाठ बघता येईल का. गुंडू म्हणाला, किल्ली आता सरकारांच्या गळ्यात असते. मग आणखी हळू म्हणाला, "मी तुमी सांगितलं तसाच हुबा केलता, पावणं. खरंच."

घरी बिबीजान दारात होती. त्याच्या हातातली पानं तिने घेतली, कोनाड्यात ठेवली.

"दिसला?"

"दिसला."

"कसा हाय?"

दिलदार फळीपाशी गेला. फळ्या रिकाम्या होत्या, शिपायांच्या पायांचे पांढरे गोल तेवढे त्यांच्यावर उमटलेले. त्याने एक कुंचला उचलला आणि पाण्यात बुडवला, जरी तो धुतलेलाच होता.

"तसाच," तो म्हणाला. "तटाकडं तोंड करून. पाठमोरा."

"खांदा?"

"दिसतोय."

बिबीजान चुलीपाशी गेली, लाकूड पुढं सारलं, आणि तिकडूनच, जाळाकडं बघत म्हणाली,

"ऱ्हाऊ दे. कवातरी वळंल की."

दिलदार स्वच्छ पाण्यात स्वच्छ कुंचला धूत राहिला.